सहा खाटांचे अकरा प्रकार

कोणतीही वस्तू वाटण्यापूर्वी ती किती प्रकारे वाटता येईल हे मोजणं, हे सुसंस्कृत प्रशासनाचं पहिलं कर्तव्य आहे. प्रत्यक्ष वाटप हे दुसरं, आणि ते घाईने उरकलं तर पहिल्याचा अपमान होतो.

आमच्या रुग्णालयात सहा नव्या खाटा आल्या. त्या प्लास्टिकसकट व्हरांड्यात उभ्या करून लगेच वाटप समिती नेमण्यात आली (सदस्य पाच, खुर्च्या सहा, त्या मात्र कुणी न मोजताच आणल्या होत्या). सुदैवाने समितीत गणिताचे एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक गुणाकार मांडला. तो उलगडत नेला की क्षच्या सहाव्या घातापुढे अकरा हा आकडा येतो, म्हणजे सहा खाटा वॉर्डांत वाटायचे प्रकार अकरा: सहाही एकाच वॉर्डात, किंवा पाच आणि एक, किंवा चार आणि दोन, असे. अट एवढीच की सगळे वॉर्ड सारखेच मानायचे. बाळंतिणींच्या कानावर ही अट गेलेली नसल्याने तिला विरोध झाला नाही.

हाडांच्या वॉर्डाच्या सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांच्याकडे एक म्हातारे पोस्टमन खुब्याचं हाड मोडून तीन दिवस जमिनीवर पडून होते. निदान एक बेड आत्ता द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. अध्यक्षांनी त्यांची समजूत घातली की, अकरांतला एकच प्रकार आधी उरकला तर उरलेल्या दहांवर अन्याय होईल.

सिस्टरनी फळ्याकडे बघत विचारलं, "हा क्ष म्हणजे कोण?"

"कुणीच नाही," प्राध्यापक मायेने म्हणाले. "ती नुसती खुंटी आहे. उत्तरं टांगायला."

"मग आमच्या आजोबांनाही तिथेच टांगा, साहेब. जमीन फार गार आहे."

(हे विधान इतिवृत्तात घेतलेलं नाही.)

समिती दूरदृष्टीची होती. उद्या शंभर खाटा आल्याच तर धावपळ नको, म्हणून तेही प्रकार काढून ठेवले: एकोणीस कोटी पाच लाख एकोणसत्तर हजार दोनशे ब्याण्णव. शेवटी शून्य खाटांचा विचार झाला. तिथे प्रकार एकच निघाला, कुणालाच काही न देणं. वादाला जागाच नसल्याने तो एकमताने मंजूर झाला आणि त्याच दुपारी अमलातही आला. एवढी चपळाई मी या इमारतीत प्रथमच पाहिली. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला.

गणित चोख आहे. सहाचे खरंच अकरा होतात का, हे तुम्हीही मघाशी बोटांवर ताडून पाहिलंत. चारपाच तर चटकन सापडलेही असतील. पोस्टमन आजोबांचं पुढे काय झालं, हे मात्र तुम्ही अजून विचारलेलं नाही. ते जमिनीवरच आहेत. समितीची सहावी खुर्ची रिकामी आहे. या, बसा.