ऊर्ध्वसुलभेची विश्रांती

विरार पूर्वेला फुलपाड्यात ‘शुभछाया’ नावाची चार मजली सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. तिच्या वार्षिक सभेत दोन खुर्च्या आणि एक चष्मा मोडला, तेव्हा सेक्रेटरी दिनानाथ चुरी यांनी कारणांच्या शोधासाठी त्रिसदस्यीय समिती नेमली. समितीत ते स्वतः, त्यांच्या सौ. विनिता आणि त्यांचे साडू होते. निष्कर्ष एकमताने निघाला. भांडणाला कारण पार्किंग नव्हतं, पाणी नव्हतं, भाषा होती. कोणी घरच्या बोलीत तोंड सोडतो, कोणी मुंबईच्या खिचडीत, कोणी नुसतेच इंग्रजीत खांदे उडवतो. सबब, संस्थेला स्वतःची, कोणाचीच नसलेली आणि भांडता न येणारी भाषा असावी. तिचं नाव ‘सौम्या’.

श्रावणातला चांगला दिवस पाहून सौम्या लागू झाली. ट, ठ, ड आणि ढ ही अक्षरं भांडणात सर्वाधिक आढळल्यामुळे कमी करण्यात आली. ‘ण’ म्हणायचं की ‘न’, हा वाद उपसमितीकडे गेला आणि निकाल लागेपर्यंत दोन्ही पुटपुटावेत असं ठरलं. ‘ळ’ला सहयोगी सदस्यत्व मिळालं, म्हणजे त्याने हजर राहावं, पण उच्चारलं जाऊ नये. व्याकरण तर फारच सोपं होतं. ‘मी’ रद्द, त्याच्या जागी सदनिका क्रमांक. कोणी काही करत नाही. गोष्टी आपोआप होतात. ‘नाही’च्या ऐवजी ‘विचाराधीन’. भूतकाळ उगाच जुनं उकरून काढतो म्हणून तो स्थगित. भविष्यकाळ मात्र भरपूर दिले होते: लवकरच, यथावकाश आणि ईश्वरेच्छा.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी लिफ्ट बंद पडली.

चौथ्या मजल्यावर चारशे तीनमध्ये हेमांगी राहायची. तिची सासू रखमाबाई मिठागराच्या गावची. तिचे दोन्ही गुडघे गेलेले, जिना उतरणं शक्य नाही. आणि गावी तिचा एकुलता एक भाऊ तुळशीदास अंथरुणाला खिळलेला. बहीण कधी येते, एवढंच तो विचारायचा.

“आई, चार माणसं बोलावून खुर्चीवरून खाली नेऊ का?” हेमांगीने विचारलं.

“चौघांनी उचलून नेलेली बाई परत येत न्हाय, हेमांगी,” रखमाबाई म्हणाली. “लिफ्ट चालू कर. भावाला बघूनशान येईन.”

हेमांगी संस्थेच्या ऑफिसात गेली. “काका, लिफ्ट बंद आहे.”

चुरी यांनी ओठांवर बोट ठेवलं. “हेमांगीताई, एका वाक्यात दोन गुन्हे. ‘लिफ्ट’मध्ये ट आहे आणि ‘बंद’ हा आरोप आहे. तिला ऊर्ध्वसुलभा म्हणायचं. आणि तक्रारअर्ज फक्त सौम्येत. आधी प्रथमा परीक्षा पास व्हा, वर्ग चाळीस तासांचा आहे.”

“पण सासूबाईंना भावाला भेटायचंय हो. माणूस थांबेल का चाळीस तास?”

“अहो, रोज एकच तास घेतो आपण,” चुरी समजुतीच्या सुरात म्हणाले.

वर्ग गच्चीवर भरे. शिकवायला चुरींची भाची अक्षया होती. “ताई, चिल,” ती म्हणाली, “एकदम सोपी लँग्वेज आहे. तुम्हाला काय म्हणायचंय ना, तेवढं फक्त विसरायचं.”

हेमांगी व्रताची बाई. सोळा सोमवार निर्जळी केलेली, घेतला वसा न टाकणारी. पहाटे पूजा, मग पोथी, मग पुटपुटण्याचा सराव. दूधवाल्यालासुद्धा ती ‘दूध पातळ आहे’ असं म्हणेनाशी झाली. ‘दुधाला जलसंगती लाभत आहे’ म्हणू लागली. त्याने भाव वाढवला. प्रथमेत ती पहिली आली आणि तिने अर्ज केला: “सदनिका चारशे तीन आनंदात आहे. ऊर्ध्वसुलभेला विश्रांती लाभत आहे. यथावकाश चलन व्हावे.”

कार्यकारी मंडळात अर्जाचं वाचन झालं तेव्हा विनिताबाईंचे डोळे पाणावले. इतकी निर्दोष सौम्या आजवर कोणी लिहिली नव्हती. अर्ज अभिनंदनाचा ठराव म्हणून नोंदवण्यात आला आणि चौकट करून बंद लिफ्टच्या दारावर लावण्यात आला. अर्जदार आनंदात असल्याचं तिनेच लिहून दिल्यामुळे विषय निकाली निघाला. निकालाविरुद्ध अपील करायचं तर मध्यमा लागते. तिचे साठ तास.

“झालं का गं?” रखमाबाईने विचारलं.

“होतंय, आई.”

“काय होतंय?”

हेमांगीने देवापुढे निरांजन लावलं आणि मध्यमेचं पुस्तक उघडलं.

मध्यमेच्या परीक्षेला बारा दिवस उरले असताना लिफ्ट कंपनीचा मेकॅनिक भूपेश सहामाही पाहणीला आला. खाली प्रमाणपत्रधारक मंडळी जमली. भूपेशने टूलबॉक्स जमिनीवर ठेवला. “बोला, काय प्रॉब्लेम आहे?”

“ऊर्ध्वसुलभेला विश्रांती लाभत आहे,” चुरी म्हणाले.

“म्हणजे चालते?”

“यथावकाश.”

“बंद आहे का, ते सांगा ना राव!”

“विचाराधीन.”

भूपेशने कपाळावरचा घाम पुसला. “साहेब, कोणीतरी तक्रार केल्याशिवाय कंपनी पॅनेलला हात लावू देत नाही. एकाने फक्त ‘बंद आहे’ म्हणा, सही करा, मी बघतो.” सगळे जमिनीकडे बघू लागले. भूपेश हेमांगीकडे वळला. “मॅडम, तुम्ही समजूतदार वाटता. तुम्ही बोला.”

दोन शब्दांचं काम होतं. पण समोर चुरी उभे होते. मध्यमेला बसू दिलं नाही तर? अपील हातचं गेलं तर? आणि चार लोकांत आपणच कशाला वाईट व्हायचं? हेमांगीने घसा साफ केला.

“सदनिका चारशे तीन आनंदात आहे,” ती म्हणाली.

उच्चार इतके शुद्ध होते की मागून कोणीतरी हलकेच टाळी वाजवली. भूपेशने कागदावर ‘तक्रार नाही’ असं लिहिलं आणि टूलबॉक्स उचलला.

त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी रखमाबाईला भाच्याचा फोन आला. “आत्या, बाबा गेला.”

रखमाबाई भिंतीला धरत धरत गॅलरीत गेली. कठड्याला पोट टेकवून तिने खाली तोंड केलं. “अरं मेल्यांनो! लिफ्ट बंद हाय! महिनं झाले बंद हाय! माझा भाऊस गेला, मला खाली उतरवा रे!”

फुलपाड्याने ऐकलं. शेजारच्या इमारतीत काम करणाऱ्या भूपेशनेही ऐकलं. तो धावत आला आणि सही न घेता त्याने पॅनेल उघडलं. आत उंदराने एक वायर कुरतडली होती. अकरा मिनिटांत लिफ्ट सुरू झाली.

रखमाबाई गावी पोहोचली. तिने भावाला पाहिलं. भावाने तिला पाहिलं नाही.

इकडे संस्थेने तातडीची सभा घेतली. सदनिका चारशे तीनला अनधिकृत आवाजाबद्दल नोटीस काढण्यात आली. तक्रार नसताना झालेली दुरुस्ती विशेष बाब म्हणून माफ करण्यात आली. मग शोकप्रस्ताव आला. भूतकाळ स्थगित असल्यामुळे तो असा मांडण्यात आला: “तुळशीदास यांचे प्रस्थान लवकरच होत आहे.” विरोध नोंदवायला ‘नाही’ म्हणावं लागलं असतं, त्यामुळे तिन्ही ठराव एकमताने मंजूर झाले.

तेराव्यानंतर रखमाबाई परत आली. हेमांगीने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो तिने घेतला नाही.

“भूपेशने मला समदं सांगितलं. तू खालीच हुतीस. दोन शब्द तुला का आलं न्हाय गं?”

हेमांगीने तोंड उघडलं. ‘मी घाबरले’ एवढंच म्हणायचं होतं. तिने तांब्या खाली ठेवला.

“होतं असं, आई,” ती अखेर म्हणाली. “होऊन जातं.”

परमुलखातून आलेल्या, भाषा न कळणाऱ्या बाईकडे बघावं तशी रखमाबाई तिच्याकडे बघत राहिली.

आपल्या इमारतीत सौम्या लागू नाही म्हणून आपण इथवर निवांत हसला असाल. छान. आता आपल्या जिन्यात, आपल्या कचेरीत, आपल्या देवळाच्या विश्वस्त मंडळात जे बरेच दिवस बंद आहे, ते उद्या सकाळी, ज्याने बंद ठेवलंय त्याच्यासमोर उभं राहून, ‘बंद आहे’ असं मोठ्याने म्हणून बघा. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका. प्रमाणपत्र घरपोच येईल.