माळावरचं निष्पाप पाणी

माणूस प्रमाणाबाहेर शुद्ध झाला की त्याच्यापासून घरच्यांना जपावं लागतं. आमचे दीर लखमीचंद यांची वागणूक तशी आहे. ते पाणी गाळूनच वापरतात, आणि फडक्यात आलेले जीव परत त्याच विहिरीत अलगद सोडतात. इथवर तक्रार नाही; आमच्या घरात चार पिढ्या हेच चालतं.

पण त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली आणि भाऊजींना माळावरची तांब्याची बंद खाण आठवली. खाणीचा इतिहास थोर आहे. कंपनी आली, तीन वर्षं टेकडी पोखरली, तांबं नेलं, खड्डा आम्हाला ठेवला. (पाहुण्यानं रिकाम्या हातानं कसं जावं?) खड्ड्यात पाणी साचलं, असं मोरपिशी की तसं लुगडं सगळ्या वाशीमच्या बाजारात मिळायचं नाही.

भाऊजींनी ते सात वेळा गाळलं. फडकं कोरं! किडा नाही, शेवाळ नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. (ते मात्र गाळलं नाही.)

"वयनी, एका जीवाचंही पाप नाही या पाण्यात!"

पाहणीला आलेल्या साहेबांनी पाणी नितळ असल्याचं लिहून दिलं आणि आमच्या विहिरीचे तीन पेले पिऊन ते गेले. मग मी माझी पाहणी केली. खाणीवर गेलेल्या म्हशी अकरा, प्यायलेल्या शून्य. (म्हशी अडाणी. मी तरी दुसरीपर्यंत गेले.) काठावर गवत नाही, डास नाही. डासांबद्दल भाऊजींनी देवाचे आभार मानले.

अक्षय्य तृतीयेला खाणीच्या पाण्याचा पहिला हंडा घरी आला. ओसरीवर गावचे पंच माना डोलवत बसले, सगळ्यांचे पेले भरले. पहिला मान माझ्या सुनेचा, गुलाबचा. तिला सातवा महिना. बाळ पोटापासूनच निष्पाप निघेल, हा भाऊजींचा हिशेब.

मी विहिरीचं पाणी गाळलेलं फडकं घेऊन बाहेर आले. त्यावर चार जीव वळवळत होते.

"भाऊजी, विहिरीपर्यंत जावत नाही, गुडघे दुखून राह्यले. हे आज तुमच्या हंड्यातच सोडा."

भाऊजींनी दोन्ही हातांनी हंडा झाकला. "वयनी! मरतीन ना ते!"

माना डोलवणारे सगळे आपापल्या पेल्यात बघू लागले.

मी गुलाबच्या हातातला पेला काढून भाऊजींच्या हातात दिला. म्हटलं, "तुमी दया इतकी बारीक गाळली, भाऊजी, का किडा पार झाला अन् माणूस फडक्यावरच राह्यला."