बिरूअण्णांचा अंधार

आमच्या गावात विजेच्या खांबांवर तेलाचे डबे उलटे बसवलेले दिसायचे आणि परगावचा माणूस बिचकायचा. ते काम बिरूअण्णांचं. पत्र्याचा डबा कापायचा, दिव्यावर टोपीसारखा चढवायचा, खाली उतरून एकदा शिट्टी फुंकायची. फौजेतून हवालदार म्हणून परतताना ती शिट्टी त्यांनी सोबत आणली होती.

"वर कोण ऱ्हातंय?" हा त्यांचा ठरलेला सवाल. "मग वर उजेड कशापायी?"

एका वरातीत त्यांनी सगळे फोकस खाली वळवायला लावले. त्या लग्नाच्या व्हिडिओत नवरदेवाचे बूट आणि घोडीचे पाय एवढंच आलंय. देवळाच्या कळसावरची दिव्यांची माळ सोडवायला चढले, तेव्हा पुजाऱ्यानं शिडीच काढून नेली. आरती होईपर्यंत अण्णा वरच.

पण तो नुसता छंद नव्हता. कवठे महांकाळकडचा आमचा कोरडा मुलूख, आभाळ बहुतेक मोकळंच. पाचगणीला माणसं स्ट्रॉबेरीसाठी जातात तशी आपल्याकडं चांदण्या बघायला येतील, असं अण्णांनी सरपंचांच्या गळी उतरवलं. ग्रामपंचायतीनं ठराव केला : बाहेरचे दिवे खाली तोंड करून लावायचे आणि नऊनंतर बंद. पर्यटकांची एकच गाडी आली. त्यांनी आधी मोबाइल चार्जिंगची सोय विचारली.

नियमाचा जाच मला जास्त. माझी ड्रॅगनफ्रूटची बाग अण्णांच्या घराला लागून आहे. अवेळी फुलं धरायला हिवाळ्यात रात्री झाडांवर बल्ब लावावे लागतात. एकदा नऊनंतरही मी ते चालू ठेवले आणि भांडणाच्या तयारीनं बांधावर उभा राहिलो.

अण्णा लगेच आले नाहीत. त्यांच्या अंगणात त्यांच्या बायको शेवंताकाकू मेंढरांच्या रिकाम्या कुंपणाचं फाटक ओढत होत्या.

"आवं, उजाडलं की," त्या म्हणत होत्या. "मेंढरं सोडा."

मेंढरं विकून बरीच वर्षं झाली होती. अण्णांनी त्यांना घरात नेलं आणि मग माझ्याकडं आले.

"उजेड दिसला का तिची सकाळ हुती. माळाला निघती. कडी घातली तर दारावर डोकं आपटती. अंधारात मातर लेकरागत निजती. कुणाला बोलू नगंस रं. तिला येडी म्हणतील. मला म्हणू देत."

मी बल्ब बंद केले. पण पुढं ग्रामसभेत ठराव रद्द करायचा विषय निघाला. अण्णा चांदण्यांवरच बोलले. मागून कुणीतरी विचारलं, "अण्णा, चांदण्या रेशनवर मिळत्यात व्हय?" सभा हसली. अण्णांनी एकदाच माझ्याकडं बघितलं. मला बहर धरायचा होता. रद्दच्या बाजूनं मी हात वर केला.

यंदा फुलं लय आली. सगळे कौतुक करतात आणि मला अन्न गोड लागत नाही. डबे उतरले, शिट्टी ऐकू येत नाही. काकूंना अडवणंही अण्णांनी सोडून दिलंय. त्या उठल्या की तेही घोंगडं खांद्यावर टाकतात, फाटक उघडतात, मागं एखादं कोकरू राहिलं का बघतात आणि हुर्र हुर्र करत त्यांच्या मागून माळाकडं चालू लागतात. दिव्यांचं बटण माझ्या हाताशी असतं. माझ्या बागेच्या उजेडात ती दोघं लांबपर्यंत दिसतात.