बापांची परीक्षा घेणाऱ्या गोदामावशी

आमच्या शाळेच्या फाटकावर गोदामावशी परीक्षा घेत. पोरांची नव्हे, त्यांच्या बापांची. आणि खरं सांगतो, बहुतेक बाप नापास होत.

खामगाव रस्त्यावर आमची शाळा. मी तिथं मराठी शिकवतो, मावशी शिपाई होत्या. हेडसरांनी एकदा भिंतीवर नियम लावला : पालक स्वतः न्यायला आल्याशिवाय शाळेच्या वेळात विद्यार्थ्याला बाहेर सोडू नये. नियम हेडसरांचा, पण त्याला धार लावली ती मावशींनी.

त्याचं असं झालं, नववीतल्या एका बहाद्दरानं समोरच्या पंक्चरवाल्याला काका बनवून आणलं. या काकानं डोळे पुसत घरातल्या दुखण्याचं असं काही वर्णन केलं की मावशींनीच पोराला पाणी पाजून रवाना केलं. दोघं गेले ते थेट खामगावला, सिनेमाला! हे कळल्यावर मावशी आठवडाभर धुमसत होत्या. मग एका सकाळी त्यांनी फाटकात स्टूल आडवं घातलं आणि पहिल्याच बापाला अडवलं.

"पोरगं तुयंच हाय न? मंग सांग, त्याच्या आवडीची भाजी कोन्ती?"

"भाजी?" तो बिचारा गांगरला. "माय करते ते खाते न जी तो."

"मंग मायलेच धाड."

त्या दिवसापासून कुणाची गय नाही. सरपंच कडक इस्त्रीत आले, म्हणाले, "मावशी, पोराले सोडा, लग्नाले जा लागते."

"कोन्त्या वर्गात हाय?"

"सातवीत."

"सातवीत मांगच्या साली होतं, भाऊ. नियम म्हंजे नियम, मंग सरपंच असो की सरपंचाचा बाप."

सरपंचांनी हळूच पाठ फिरवून बायकोला फोन लावला. मावशी स्टुलावरून ओरडल्या, "मोबाइल खिशात ठेव! इथं कॉपी चालत नाही!"

पुढं पुढं तर पानठेल्यावर बाप एकमेकांना विचारू लागले, "काऊन गा, आज काय आलतं?" "दोस्ताचं नाव." की दुसऱ्या दिवशी सगळे दोस्तांची नावं घोकून हजर. मावशी शांतपणे विचारत, "पोरगी कायले भिते?" पेपर फुटला की त्या पेपरच बदलत. खुद्द हेडसर स्वतःच्या मुलाला दवाखान्यात न्यायला आले, त्याच्या चपलेचा नंबर सांगता आला नाही, आणि ऑफिसात जाऊन पाणी पिऊन बसले. शेवटी त्यांच्या सौभाग्यवती आल्या तेव्हा पोरगं सुटलं.

मी खूप हसायचो. पण एकदा सहावीतली एक मुलगी मला म्हणाली, "सर, काल बाबा जेवताना माह्याशी बोलले. मले वाटलं, घरात काही झालं का काय." तेव्हा मात्र मावशींचं मला भारी कौतुक वाटलं.

दुपारी मावशी आम्हा मास्तरांत डबा उघडत. भरीत ठरलेलं. मला त्यातलं अर्धं मिळायचं, शिवाय राजूच्या बातम्या. राजू त्यांचा एकुलता एक, चाकणला कंपनीत. स्वतःच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात तर मावशींना दुसरा विषयच नव्हता. "माहा राजू येऊन राह्यला मले न्यायले. गाडी घेऊन येते म्हने. फाटकातून मले तोच नेईन." येईल त्या बापाला हे ऐकवून मगच प्रश्न विचारत.

निरोपाच्या दिवशी शाल झाली, नारळ झाला, हेडसरांचं लांबलचक भाषण झालं. मावशींचा एक डोळा रस्त्यावर. शाळा सुटायच्या सुमाराला राजूचा फोन आला : सुट्टी नाही भेटली, पुढच्या महिन्यात पाहतो. मावशी "हाव, बरं, जेवला का?" एवढंच बोलल्या.

पोरं गेली, मास्तर गेले. मी मोटारसायकल काढली तर मावशी नवी शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन फाटकातल्या स्टुलावर बसलेल्या.

"चला मावशी, घरी सोडतो."

"घरचं मानूस आल्याबिगर सोडता येत नाही, सर," त्या हसत म्हणाल्या. "नियम म्हंजे नियम." पण डोळे भरून आले होते.

मी गाडी स्टँडला लावली आणि समोर जाऊन उभा राहिलो. "मी आलो न न्यायले. विचारा काय विचारता ते."

मावशींनी मला खालून वर पाहिलं. पदरानं नाक पुसलं, ताठ बसल्या.

"माह्या आवडीची भाजी कोन्ती?"

हे तर सोप्पं! "भरीत."

"चूक!" मावशी म्हणाल्या. "भरीत राजूले आवडते. पोरगं पुण्याकडं गेलं, हाताची सवय नाही गेली. मले अंबाडीची भाजी आवडते."

इतकी वर्षं मी त्या डब्यातलं भरीत चाटूनपुसून खाल्लं, आणि हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. मी मान खाली घालून उभा राहिलो. म्हटलं, आता काही खरं नाही.

मावशी उठल्या. स्टूल आत ठेवलं, फाटकाला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. मग नारळ सांभाळत माझ्या मागं बसल्या.

"नापास झाले तुम्ही, सर," त्या म्हणाल्या. "पन आले न. चाला घरी, अंबाडीची भाजी खाऊन जा."