टिपणिसांची सुनावणी

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये 'आईशप्पथ' म्हणायची सोय नाही. मागे उभे असलेले टिपणीस ताबडतोब विचारतात, "हे ऑन रेकॉर्ड समजायचं का?" माझी लेक एकदा "आईशप्पथ, होमवर्क झालंय" म्हणून बसली, तर तिची उलटतपासणी थेट आमच्या मजल्यापर्यंत चालली. "ममा, आय नीड अ लॉयर," घरात शिरता शिरता ती म्हणाली.

शारजाच्या अल मजाजमध्ये आमचा टॉवर आहे आणि त्यात बरीच मराठी घरं आहेत. टिपणीस एका कंपनीत कंप्लायन्स बघतात, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांवर संशय घेण्याचा पगार घेतात. संध्याकाळी तेच काम ते आमच्या मराठी मंडळाच्या क्रिकेट स्पर्धेसाठी फुकट करतात. परदेशात डोपिंगच्या संशयावरून बड्या बड्या खेळाडूंवर खोटी साक्ष दिल्याचे खटले झाले, असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि आमच्या स्पर्धेचं वाटोळं झालं.

"औषध घेतलंस, एक मॅच बाहेर," ते बोट नाचवत सांगतात. "शपथेवर खोटं बोललास, खलास!"

तेव्हापासून प्रत्येक मॅचआधी खेळाडूंनी नारळावर हात ठेवून सांगायचं, की आपण काहीही घेतलेलं नाही. 'काहीही'मध्ये चहासुद्धा येतो. आमच्या एका ओपनरने च्यवनप्राश खाल्ल्याचं साफ नाकारलं, तेव्हा ते त्याच्या मिशीला लागलेलं होतं. टिपणिसांनी मिशीचा फोटो काढला. बिचारा शून्यावर आउट झाला होता हो! पण टिपणीस म्हणाले, "परफॉर्मन्स हा मुद्दाच नाही."

सागर निंबाळकर येईपर्यंत हे सगळं हसण्यावारी जात होतं. सागर म्हणजे पगारी खेळाडू. एका कंपनीने त्याला आपल्या टीमसाठी आणलंय. नावाला स्टोअरकीपर, कामाला फास्ट बोलर. सुट्टीच्या दिवशी तो आमच्याकडून खेळतो. सेमीफायनलला त्याने नारळावर हात ठेवला आणि समोरच्या टीमची पार दाणादाण उडवली. टिपणिसांनी मात्र आदल्या संध्याकाळी त्याला उम्म अल कुवैन शहरातल्या एका क्लिनिकमधून खांदा चोळत बाहेर पडताना पाहिलं होतं. ते तिथे गोदामाच्या तपासणीला गेले होते.

"मी तिकडे फिरकलोच नाही, काका," सागर म्हणाला. तेही शपथेवर.

टिपणिसांनी जाहीर केलं, की सुनावणी होईल आणि सागर दोषी ठरला तर त्याच्या कंपनीला ईमेल जाईल. आमचं हसू आटलं. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो. सागरची बायको आणि छोटी मुलगी नुकत्याच इकडे आल्या होत्या. मी टिपणिसांची खूप मनधरणी केली, पण ते बधले नाहीत. मला त्यांचा भयंकर राग आला.

सुनावणी आमच्याच हॉलमध्ये झाली. न्यायाधीश मी, कारण मंडळाची सेक्रेटरी मी आणि पोहेही मीच केले होते. टिपणीस टाय लावून आले.

"आधी फिर्यादीची शपथ," त्यांनी स्वतःच बजावलं आणि नारळावर हात ठेवला. सुरुवातीचे प्रश्न त्यांनीच ठरवून दिलेले होते, ते मी धाडधाड विचारले. "पूर्ण नाव? राहणार कुठे? घरी कोण कोण?"

टिपणिसांनी दुसऱ्या हाताने टाय सैल केला.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या वसुधावहिनी, बऱ्याच दिवसांपासून पुण्यात आहेत. कधी येणार विचारलं, की टिपणीस म्हणत, "पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला." आणि आम्हीही पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायचो. आत्ताही त्यांनी तेच म्हणावं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

"मी एकटाच," टिपणीस म्हणाले. "वसुधा येणार नाही. तिने तसं मागेच सांगून टाकलंय."

मी प्रश्नांचा कागद उलटा ठेवला. तेवढ्यात सागर उठला आणि त्याने टिपणिसांच्या हाताशेजारी आपला हात ठेवला.

"काका, घेतलं होतं इंजेक्शन. खांदा गेलाय कळलं तर कंपनी परत पाठवेल, म्हणून बोललो खोटं."

टिपणिसांनी घसा खाकरला. "कबुली दिलीस. मग खोट्या साक्षीचा खटला नाही. ईमेलही नाही. पण फायनलला तू बाहेर."

"मग रविवारी मी रिकामाच," सागर म्हणाला. "बायको-पोरीला घेऊन तुमच्याकडे जेवायला येऊ?"

टिपणीस गडबडले. "या की," ते म्हणाले. "पण मला फक्त पिठलं येतं. आणि भात दर वेळी खाली लागतो." मग त्यांनी हळूच विचारलं, "मुलगी तिखट खाते का रे?"