डाव्या कोपऱ्यातले बटाटे

"आई, शाळेत सान आंद्रेसच्या सणाच्या जेवणाला तू बटाटे देणार आहेस," हिमेनाने दप्तर टेबलावर ठेवत सांगितले. "मिठातले, सालासकट, सुरकुत्या पडेपर्यंत उकडलेले. सगळ्या वर्गाला पुरतील एवढे."

एल्विरा बशा पुसत होती. "मी देणार आहे हे कोणी ठरवलं?"

"मी. वर्गातला आयराम म्हणाला, मुख्य भूमीवरून आलेल्या खंडवाल्यांना बटाटा सोलल्याशिवाय गिळवत नाही. मग मी म्हटलं, माझी आई असे करते की तुझी आजी बघत राहील."

"मी ते आयुष्यात केलेले नाहीत, हिमेना."

"जेवण परवा आहे. उद्या शिक."

एल्विरा रागावणार होती, पण थांबली. जुलैत त्यांनी स्पेनच्या मुख्य भूमीवरच्या पालेन्सियाहून तेनेरीफे बेटावर बिऱ्हाड हलवले, ते धाकट्या तेओच्या खोकल्यामुळे. तेओचा खोकला दुसऱ्याच आठवड्यात थांबला. तिचा नवरा फेर्मिन पुलांची रेखाटने करायचा, ती कुठेही बसून करता येत. एल्विराने मात्र बिस्किटांच्या कारखान्यातली प्रयोगशाळेची नोकरी सोडली होती. आणि हिमेनाने बोलणे सोडले होते. आईवडिलांशी नव्हे, इतर सगळ्यांशी. वर्गातल्या कुणाशी तरी नाव घेऊन भांडण्याइतकी ती आज पहिल्यांदाच रुळली होती. त्यापुढे भांडेभर बटाटे म्हणजे काहीच नव्हते.

घर डॉन एलादियोंचे होते. ते आणि त्यांच्या पत्नी दोन्या ओतिलिया त्याच उतारावर थोडे खाली राहत. भाड्याचा करार जानेवारीतल्या तीन राजांच्या सणापर्यंतच होता. "आधी माणसं बघू, मग बोलू," असे डॉन एलादियो म्हणाले होते. आधीच्या भाडेकरूने न विचारता अंजिराची एक फांदी तोडली होती. ती वाळायच्या आत त्याला जावे लागले, असे गावात सांगत.

त्या डोंगरावर कोणी कोणाला काही हातात देत नसे. फाटकाला पिशवी लटकवायची आणि चालू लागायचे. आव्होकाडो, अंडी, भोपळा. कोणाकडून आले ते आपण ओळखायचे, आणि पिशवी रिकामी परत करायची नाही. जड काही असले तर लोक ते सरळ तळघरात ठेवून जात, कारण तळघराला कुलूप नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी भोपळा आणायला तळघरात उतरलेल्या एल्विराला कोपऱ्यातली लाकडी पेटी दिसली, तेव्हा तिला काहीच वावगे वाटले नाही.

पेटीत काळपट सालीचे छोटे बटाटे एका थरात मांडले होते. सुरकुतलेले, आणि प्रत्येकाला जांभळे जाड कोंब आलेले. देणाऱ्याची तिला जरा कीवच आली. पण भेट ती भेट.

"यांना सुरकुत्या आधीच आहेत," हिमेना वाकून बघत म्हणाली. "तुझं अर्धं काम झालं."

कोंबांमध्ये विषारी द्रव्य असते हे एल्विराला पक्के माहीत होते. कारखान्यात ती ज्या काळजीने बिस्किटातला ओलावा मोजायची, त्याच काळजीने तिने एकेक कोंब मुळापासून खुडला, एकेक डोळा सुरीच्या टोकाने कोरून काढला. एकही सुटला नाही. मग कुंपणावरून दोन्या ओतिलियांना मिठाचे विचारले.

"बटाटा तरंगेल इतकं घाल," त्या म्हणाल्या. "तुला लाज वाटायला लागली की अजून एक मूठ."

सान आंद्रेसच्या दिवशी शाळेच्या पटांगणात रिवाजाप्रमाणे पोरे दोरीला बांधलेले पत्र्याचे डबे ओढत धावत होती आणि एका बाजूला आजोबामंडळी चेस्टनट भाजत होती. एल्विराचे भांडे सर्वांत आधी रिकामे होऊ लागले. आयरामची आजी आली. तिने भांड्यात बघितले, मग एल्विराकडे बघितले, आणि चार बटाटे उचलून नेले. हिमेना हे दुरून पाहत होती. त्यानंतर ती आयरामच्या शेजारीच जाऊन बसली, मुद्दाम.

डॉन एलादियोंनी एक बटाटा लसणीच्या लाल मोहो चटणीत बुडवला, डोळे मिटून चावला, मग दुसरा घेतला, तिसरा घेतला.

"चांगले आहेत," ते म्हणाले. बाकावरची सगळी मंडळी वळली. दुसऱ्याच्या बटाट्याला त्यांनी चांगले म्हटल्याचे कोणाला आठवत नव्हते. "पण माझ्यासारखे नाहीत. माझ्या बटाट्याला शेवटी शेवटी चेस्टनटची चव येते. हे तिथवर पोचत नाहीत."

"तुझे आम्ही खाल्लेत कधी, एलादियो?" शेजारचा म्हातारा म्हणाला. "तू ते देतोस कुठे? बायकोलाही मोजून देत असशील."

"बेणं काय वाटत सुटायचं असतं? पणजोबांपासूनचं आहे ते. बाहेरचा एक बटाटा आजवर त्यात शिरलेला नाही." त्यांनी काठीने एल्विराकडे खूण केली. "हिच्याच तळघरात आहे, डाव्या कोपऱ्यात. आमचं बेणं पहिल्यापासून तिथेच कोंब धरतं. राजांचा सण झाला की लावायचं. तुझ्या नवऱ्याला सांगितलंय मी सगळं, पोरी."

एल्विराच्या हातात एक बटाटा होता. तो तिने भांड्यात परत ठेवला. मग, आता त्याच्यासाठी कोणालाच काही करता येण्यासारखे नाही हे लक्षात येऊन, तो उचलून खाल्ला.

"फेर्मिन," घरी जाताना तिने विचारले, "डॉन एलादियो तुला तळघराबद्दल काही म्हणाले होते?"

"हो. डावा कोपरा त्यांचा, बाकी आपलं."

"हे मला सांगायचं होतं."

"तू कुठे तळघरात जातेस? तुला पालींची भीती वाटते."

"भोपळा आणायला गेले होते."

फेर्मिन चार पावले चालला. मग थांबला. "आजचे बटाटे..."

"हो."

"काही उरलेत?"

"शेवटचा मी खाल्ला."

"सांगून टाकूया त्यांना."

"अंजिराची फांदी आठव," एल्विरा म्हणाली.

पुढे चढावर तेओ आपला डबा खडखडवत धावत होता. पालेन्सियात नोव्हेंबर अखेरीला तो जिनाही धापा टाकत चढायचा. दोघे त्याच्याकडे बघत उभे राहिले आणि सांगायचे रद्द झाले.

शनिवारी फेर्मिन खालच्या बाजारातून तसेच काळे बटाटे घेऊन आला. ते गुळगुळीत होते, टवटवीत होते, आणि एकालाही कोंब नव्हता. पिकलेल्या सफरचंदातून वायू निघतो आणि त्याने कधी कधी कोंब लवकर धरतात, हे एल्विराने वाचले होते. तिने झोपण्याच्या खोलीतल्या कपाटात स्वेटरांच्या खालचा कप्पा रिकामा केला, अंड्यांच्या खोक्यांत बटाटे उभे केले आणि मधे मधे सफरचंदे ठेवली. तळघरातली पेटी रिकामी कोणाला दिसू नये म्हणून दाराला कुलूप लावले.

सोमवारी सकाळी डॉन एलादियो फाटकाशी उभे. एल्विरा स्वयंपाकघराच्या दारामागे सरकली.

"तळघराला कुलूप कशाला, गड्या?"

"मुंग्या झाल्यात," फेर्मिन म्हणाला. खोटे बोलण्याची त्याला सवय नव्हती. पूल बांधणाऱ्या माणसाला टिकेल तेच उभारायची सवय असते.

"मुंग्या काय दार उघडून येतात?"

"औषध मारलंय. पोरं आत जाऊ नयेत म्हणून."

डॉन एलादियोंचा चेहरा उतरला. "माझ्या बेण्याजवळ औषध मारलंस?"

"नाही, नाही. डाव्या कोपऱ्यात नाही."

"म्हणजे सगळ्या मुंग्या डाव्या कोपऱ्यात जाणार. उघड दार."

"किल्ली एल्विराकडे आहे."

"मग बोलाव तिला."

"ती इथे नाहीये," फेर्मिन म्हणाला. "पालेन्सियाला गेलीय. तिच्या आईला बरं नाही."

दारामागे एल्विराच्या हातात दोन सफरचंदे होती. तिने ती छातीशी धरली आणि मान खाली घातली.

"असं अचानक?" डॉन एलादियोंचा आवाज मऊ झाला. "बघ बाबा. आईपुढे बटाटा काय. येईपर्यंत थांबतो."

अशा रीतीने एल्विरा पालेन्सियाला गेली. खालच्या घराच्या अंगणातून वरचे अंगण पूर्ण दिसत असल्यामुळे तिला कपडे वाळत घालता येईनात की खिडकीशी जाता येईना. कपडे फेर्मिन वाळत घालू लागला, तेही असे की गावातल्या बायकांना त्याची आणखी दया आली. बुधवारपासून फाटकाला पिशव्या सुरू झाल्या. आईविना पोरांसाठी सूप, आईविना पोरांसाठी केक, चण्यांचा रस्सा. शिक्षिकेने हिमेनाला गृहपाठ माफ केला. रविवारी पाद्रीबाबांनी प्रार्थनेत पालेन्सियाच्या आजारी आजीचे नाव घेतले. त्याच वेळी ती आजी फोनवर एल्विराला विचारत होती, तू घरात बसून इतकं हळू का बोलतेस.

"आई, आजीला लवकर बरी होऊ देऊ नको," हिमेना म्हणाली. "आयराम मला रोज त्याचा खाऊचा डबा देतो."

कपाटातले बटाटे मात्र जसेच्या तसे होते. एल्विरा सकाळ-संध्याकाळ दार उघडून बघे. दोनतीन बटाट्यांना डोळ्यापाशी पांढरा ठिपका आल्यासारखा वाटे, पण तो भिंगातूनच.

मंगळवारी दुपारी फेर्मिन मुलांना घेऊन शाळेतून परतला, तेव्हा दोन्या ओतिलिया सूप घेऊन त्यांच्या मागोमाग आत आल्या.

"आईची आठवण येते का रे?" त्यांनी तेओला जवळ घेत विचारले.

"नाही," तेओ म्हणाला. "ती कपाटात असते. बटाट्यांजवळ."

फेर्मिन खोकला. तेओचा खोकला थांबल्यापासून त्या घरात कोणी खोकल्याची ही पहिलीच वेळ. दोन्या ओतिलियांनी सूप टेबलावर ठेवले, जिना चढल्या आणि खोलीचे दार उघडले. एल्विरा कपाटासमोर गुडघ्यांवर बसली होती, हातात भिंग.

दोन्या ओतिलियांनी तिच्याकडे बघितले, अंड्यांच्या खोक्यांकडे बघितले, सफरचंदांकडे बघितले.

"पालेन्सियात सफरचंदं बरी मिळतात वाटतं," त्या म्हणाल्या.

एल्विराने मग सगळे सांगितले. कोंब कसे खुडले तेही सांगितले, कारण तेच तिला सर्वांत जास्त लागले होते. दोन्या ओतिलिया पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होत्या. मधेच त्यांनी एक बटाटा उचलला आणि परत ठेवला.

"याला कोंब यायला फेब्रुवारी उजाडेल. आणि शाळेतले ते एलादियोनेही खाल्ले?"

"पाच-सहा तरी. म्हणाले, माझ्यासारखे नाहीत."

दोन्या ओतिलियांनी तोंडावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. खांदे तेवढे हलत होते.

"अगं, मी लग्नाच्या पहिल्या वर्षी रश्शात घातले होते," शेवटी त्या म्हणाल्या. "मी किनाऱ्यावरची, केळीच्या बागेतली. मला काय कळणार बेणं कुठलं नि खायचं कुठलं? सासूबाईंनी पेटी बघितली. मला वाटलं, आता माहेरी पाठवतात. त्यांनी शाल घेतली आणि मला म्हणाल्या, चल." त्या उठल्या. "तू पण चल. गाडीत मागे आडवी हो, अंगावर पोती टाकते. तू पालेन्सियात आहेस."

डोंगरापलीकडच्या वाडीपर्यंत एल्विरा पोत्यांखाली वळणे मोजत गेली. शेवटच्या घरापाशी गाडी थांबली. दार एका म्हातारीने उघडले. तिने दोन्या ओतिलियांकडे बघितले, मग केसांत पोत्याचे धागे अडकलेल्या एल्विराकडे बघितले.

"पुन्हा?" ती म्हणाली, आणि पेटी आणायला आत गेली.

येताना पेटी मागे एल्विराच्या शेजारी होती. तसेच काळपट, तसेच सुरकुतलेले, तसेच जांभळे कोंब.

"तुम्हाला ओळखतात त्या," एल्विरा पोत्याखालून म्हणाली.

"त्या वेळी तिची आई होती. तिनेही दार उघडून हेच विचारलं होतं," दोन्या ओतिलिया गाडी चालवता चालवता म्हणाल्या. "पण माझ्याकडे बघून नाही. सासूबाईंकडे बघून."

दोन दिवसांनी पालेन्सियाची आजी बरी झाली आणि एल्विरा बॅग घेऊन उघडपणे चढ चढून घरी आली. डॉन एलादियोंनी तळघरात उतरून पेटी बघितली, एक बटाटा उजेडात धरला आणि मान डोलावली. मुंग्यांबद्दल पुन्हा विचारले नाही. कपाटातले बटाटे नाताळात खाऊन संपले. त्यांना किंचित लोकरीचा वास होता.

राजांचा सण झाल्यावर सगळे शेतात उतरले. डॉन एलादियोंनी हिमेना आणि आयरामला सरीच्या दोन टोकांना उभे केले आणि एक बटाटा हातात घेऊन कोंब वर कसा ठेवायचा ते दाखवले.

"हे माझ्या पणजोबांचं," ते म्हणाले. "चार पिढ्या झाल्या. बाहेरचा एक बटाटा नाही. बाजारातला असा समोर ठेवला ना, तर मी डोळे मिटून ओळखीन."

"खाऊन?" हिमेनाने विचारले.

"नुसता चावून."

मग त्यांनी खिशातून नवा करार काढून फेर्मिनला दिला. "तुम्ही माणसं नीट आहात. बेणं इतकं जपलेलं मी बघितलं नाही. कुलूप लावून कोण ठेवतं?"

बांधावर दोन्या ओतिलिया आणि एल्विरा शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकमेकींकडे बघायचे नाही एवढे दोघींनीही पाळले.

"आमचा मुलगा नेस्तोर उन्हाळ्यात लग्न करतोय," दोन्या ओतिलिया समोर बघत हळूच म्हणाल्या. "मुलगी गालिसियाची. बँकेत आहे, हुशार आहे. सान आंद्रेसला इथेच असेल, स्वयंपाकाची हौस आहे म्हणे."

"छान," एल्विरा म्हणाली. "मी तिला तळघर दाखवीन. कोणता कोपरा कोणाचा ते..."

"तू," दोन्या ओतिलिया म्हणाल्या, "तिला काही सांगू नकोस."