ढोल वाजेपर्यंत

सकाळी सहा वाजता दप्तरदार बाहेरच्या खोलीत फरशीवर पालथे पडले होते आणि त्यांची बायको त्यांच्या पाठीवरून पाय उचलून पलीकडे जात होती. तीन आठवड्यांत तिला या दृश्याची सवय झाली होती.

"अजून किती?"

"आठ मोजायचे. पाच झाले."

"मोजा सावकाश. चहा निवतोय."

आठ झाले. टेबलावरच्या मोबाइलमधून ढोल धडधडले, दप्तरदार ताडकन उठले, सोफ्याला वळसा घालून दाराला हात लावून आले आणि धापा टाकत खुर्चीत बसले.

"अहो, पण पडायचं कशाला? न पडता पळा की सरळ."

"अगं, तो पडला म्हणून तर उठला. पडलाच नसता तर उठला कुठून असता?"

 बायकोकडे यावर उत्तर होतं, पण डबा भरायचा राहिला होता.

'तो' म्हणजे त्या हिंदी सिनेमातला हिरो. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा आळशी, उनाड पोरगा, कॉलेजात सगळ्यांनी ओवाळून टाकलेला. शेवटच्या शर्यतीत बासरी वाजत असते तोवर तो सगळ्यांच्या मागे असतो. मग तो पडतो. संगीत थांबतं. आठ आकडे मोजावेत इतकी शांतता, आणि मग जे ढोल सुरू होतात, ते त्याला उचलून थेट फितीपाशी नेतात. दप्तरदारांनी हा सिनेमा मिसरूड फुटण्याच्या वयात एकोणीस वेळा पाहिला होता. त्याची गोष्ट ते कीर्तनकारासारखी सांगत. मध्यंतरापर्यंत पूर्वरंग, मग एक गाणं, मग त्या गाण्याचं निरूपण. ऐकणाऱ्याला घाई असली तरी त्यांना नसे.

आता पन्नाशी उलटल्यावर ही शर्यत त्यांच्याच नशिबी आली होती. दप्तरखाना कार्यालयाच्या तळघरात होता. अकरा वर्षं ते ट्यूबलाइटखाली बसत होते. बाहेर ऊन आहे की सांजावलंय, हे घड्याळाला विचारावं लागे. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि त्यांना देवाकडे एकच मागणं होतं, खुर्चीत बसून झाड दिसावं. असं झाड दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीच्या खिडकीतून दिसे, आणि त्या खोलीत आवक-जावक विभाग बसे. दोन्ही विभागांचे अर्ज आणि प्रतिअर्ज वाचून नवे साहेब इतके कावले, की त्यांनी क्रीडादिनाच्या परिपत्रकातच लिहून टाकलं: दोन्ही विभागांतून दोघा-दोघांनी एकेक फेरी पळावं, जिंकेल तो विभाग वर, हरेल तो तळघरात.

दप्तरखान्यातून पहिली फेरी टायपिस्टबाईंची, दुसरी दप्तरदारांची ठरली. दोघांनी तीन आठवडे रोज त्याच संगीतावर सराव केला.

"दादा, पण सुरुवातीला खरंच मागे राहायचं?"

"बाई, पहिल्यापासून पुढे असलेला कधी जिंकलाय?"

"सिनेमात नाही."

"मग झालं तर. पायांना आता सूर कळायला लागलाय. बासरीला हळू, शांततेला आडवं, ढोलाला सुसाट."

शर्यतीच्या आदल्या दिवशी दप्तरदारांनी लाउडस्पीकरवाल्याला गुपचूप गाठलं आणि शर्यतीच्या वेळी हेच संगीत लावायला सांगितलं. लाउडस्पीकरवाल्याने मान डोलावली. तासाभरापूर्वी आवक-जावकच्या भाऊसाहेबांनीही गुपचूप येऊन हेच सांगितलं होतं. काम हलकं झालं म्हणून तो खूश होता. त्याने सिनेमा पाहिलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शिट्टी झाली आणि कर्ण्यातून बासरी सुरू झाली. टायपिस्टबाई चार पावलं हलकेच धावल्या आणि शेजारी पाहतात तो आवक-जावकचा टपालवाला मागेच. त्या आणखी हळू झाल्या. टपालवाला बुटाची नाडी बांधायला बसला. बाईंच्या चपलेला नाडी नव्हती, म्हणून त्यांनी पट्टा सोडून पुन्हा लावला. टपालवाल्याने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

"हे काय चाललंय?" साहेबांनी क्रीडादिनासाठी बोलावलेल्या डॉक्टरांना विचारलं.

"अंग मोकळं करत असावेत."

"पण शिट्टी झाली ना?"

"झाली बुवा," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनाही शंका आली.

पहिली फेरी कशीबशी संपली. बाईंकडून बॅटन म्हणून गुंडाळलेली फाइल हातात घेऊन दप्तरदार निघाले. पाहतात तर भाऊसाहेब त्यांच्याच चालीने, बागेत फिरायला आल्यासारखे, अर्धं पाऊल मागे. दप्तरदारांना काही उमजेना. या माणसाला खोली नकोय का? की त्याला बरं वाटत नाहीये?

"भाऊसाहेब, व्हा की पुढे."

"छे, तुम्ही वडीलधारे. तुमच्यापुढे कसा जाऊ?"

"वडीलधारा कसला, मी चार महिन्यांनी लहान आहे तुमच्यापेक्षा."

"मग लहानांनी पळावं. आमचे गुडघे बघा."

इतक्यात बासरी थांबली. दप्तरदारांनी शिस्तीत अंग टाकलं. पडता पडता त्यांना दिसलं, की भाऊसाहेब त्यांच्या आधीच पडलेत. मैदानाच्या कडेला पाणी पीत असलेल्या टायपिस्टबाई सवयीने खाली बसल्या. टपालवाला तर भांड्यासकट आडवा झाला.

दप्तरदार मोजू लागले. आठ झाले, नऊ झाले, ढोल येईनात. बासरी थांबल्याबरोबर लाउडस्पीकरवाल्याला वाटलं होतं, यंत्र बिघडलं. त्याने वायर उपटली, फुंकली, पुसली, दुसऱ्या भोकात घालून पाहिली. ढोल त्याच्या मोबाइलच्या आतल्या आत वाजत होते.

"भाऊसाहेब, तुम्ही का पडलात?" दप्तरदारांनी मातीतून विचारलं.

"तुम्ही का पडलात?"

"माझं कारण आहे."

"मग माझंही आहे." भाऊसाहेबांनी मान वळवून विचारलं, "किती झाले तुमचे?"

"चौदा."

"माझेही चौदाच."

दोघांनी एकदमच पुढे मोजलं. पंधरा झाले, सोळा झाले. साहेब आणि डॉक्टर धावत आले.

"हलू नका," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, जरा थांबा. ढोल यायचेत."

"यांना ढोल ऐकू येतायत," साहेब घाबरून म्हणाले.

"नाही, येत नाहीयेत म्हणतायत."

"ते जास्त वाईट की कमी?"

डॉक्टरांना ते सांगता येईना. दोघांना स्ट्रेचरवर घेऊन पट्टे आवळले. पट्टे आवळून झाले आणि नेमकी लाउडस्पीकरवाल्याला खरी वायर सापडली. ढोल असे कडाडले, की खांबावरचे कावळे उडाले. स्ट्रेचरवर बांधलेल्या दोघांचे चारही पाय एका ठेक्यात सुटले.

"झटके," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं.

सोमवारी डॉक्टरांचा अहवाल आला. तळघरातले दोघं पडले ते उजेड आणि वारा नसल्यामुळे; त्यांना ताबडतोब वर हलवावं. वरचे दोघं पडले ते पश्चिमेच्या उन्हामुळे. त्यांना थंडाव्यात ठेवावं. साहेबांनी त्याच दिवशी अदलाबदलीचा हुकूम काढला. दप्तरदारांनी खरं काय ते सांगायला दोनदा तोंड उघडलं, पण 'आम्ही ढोलाची वाट बघत होतो' हे वाक्य साहेबांसमोर कुठून सुरू करावं, ते त्यांना कळेना.

अशी खिडकी मिळाली. झाड होतं, त्यावर पाखरं होती, वारा होता. पण शेजारीच साहेबांची केबिन असल्यामुळे खोलीत सगळे कुजबुजत बोलत. चौथ्या दिवशी मन खाऊ लागलं, तेव्हा दप्तरदार खाली गेले. न जिंकता घेतलेली खोली परत द्यायची, असं ठरवूनच गेले.

तळघराचं जाड दार ढकललं तर आत बासरी वाजत होती, चांगली मोठ्याने. भाऊसाहेब खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून बसले होते आणि टपालवाला रिकाम्या डब्यावर ताल धरत होता.

"या दप्तरदार, बसा. काय जागा आहे हो तुमची. इथला आवाज बाहेर टिपूसभर जात नाही. अकरा वर्षं तुम्ही तर नुसती चैन केली असणार."

दप्तरदारांनी अकरा वर्षं आठवून पाहिली. इथे गाणं लावता येतं, हे त्यांना एकदाही सुचलं नव्हतं.

"खोलीचं बोलायला आलो होतो," ते म्हणाले.

"खोली परत मागायला मी यायचा नाही हं. निर्धास्त राहा." भाऊसाहेबांनी आवाज आणखी वाढवला. "गप्प बसा आता, पडायची वेळ झाली."

संगीत थांबलं. तिघांनी आठ मोजले. मग चारी भिंतींतून ढोल आले आणि दप्तरदारांच्या डोळ्यांत पाणी आलं.

वर येऊन ते खिडकीकडे पाठ करून बसले आणि टायपिस्टबाईंना हळू आवाजात म्हणाले, "बाई, एक अर्ज टाइप करा. दप्तरखाना पूर्वीच्या जागी हलवणेबाबत."

बाईंनी कागद चढवला. "कारण काय लिहू, दादा?"

दप्तरदारांनी एकदा मागे वळून झाडाकडे पाहिलं.

"लिहा, उजेडाचा त्रास होतो."